फोटोच्या कोपऱ्यातलं सोलापूर

मागच्या अंकात पालिकेच्या इंद्रभुवन इमारतीसमोरच्या घागर मोर्चाचा मी काढलेला एक जुना फोटो छापला होता. घरात वर्तमानपत्रातले फोटो, कात्रणं, निगेटिव्ह पडून असतील तर त्यांच्याबद्दल विचारा, असंही लिहिलं होतं. तेहतीस वर्षं सोलापुरात दैनिकासाठी फोटो काढले, पण माझ्या नावावर इतकी पत्रं कधी आली नव्हती. त्यातल्या पाचांना आज उत्तरं देतो.

प्रश्न : काका, मी वास्तुकला शिकते. आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. मध्ये कुणी पुढारी जीपमधून उतरतोय. मागे दुकानं, सायकली आणि लांब एक चिमणी. फोटोच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीनं फक्त ‘३ कॉ.’ लिहिलंय. आजी म्हणते, सोलापूरच आहे. साल कसं शोधायचं? आणि तो पुढारी कोण हे घरात कुणालाच सांगता येत नाही, मग असा फोटो ठेवण्यात अर्थ आहे का?
— विद्यार्थिनी, सोलापूर

बाळ, आधी ती पेन्सिलीची खूण पुसू नकोस. ‘३ कॉ.’ म्हणजे तीन कॉलम. उपसंपादक फोटोच्या पाठीवर रुंदी लिहायचा आणि मग फोटो ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायला जायचा. म्हणजे ही वर्तमानपत्राच्या टेबलावरून गेलेली प्रत आहे. कडेला लाल रेघा मारलेल्या असतील तर त्याही राहू देत. रेघांच्या आतलं तेवढं छापलं गेलं. बाहेरचं बहुधा फक्त तुझ्याकडे उरलंय.

आता पुढाऱ्याला सोड. भिंग घे, खिडकीशी बस आणि पाट्या वाच. ‘सोलापूर महानगरपालिका’ अशी पाटी दिसली तर फोटो १ मे १९६४ नंतरचा, कारण त्याआधी आपल्याकडे नगरपालिका होती. दुकानाच्या पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पिनकोड त्या दिवशी सुरू झाले, आणि आपले ४१३ ने सुरू होतात. एसटी दिसली तर १९४८ च्या पुढचा. गाडीच्या नंबरात एमएच १३ असेल तर १९८९ किंवा त्यानंतरचा. त्याआधी अक्षरांची जुनी मालिका चालायची. पण एक लक्षात ठेव. जुन्या वस्तूवरून साल ठरत नाही, नव्या वस्तूवरून ठरतं. टांगा दिसला म्हणून फोटो फार जुना, असं होत नाही. टांगे आणि रिक्षा एकाच चौकात कित्येक वर्षं शेजारी उभे असायचे.

चिमणी कुठल्या गिरणीची हे कळलं तर जागा सापडते. जुनी गिरणी १८७७ ची. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा आणखी चिमण्या उभ्या राहिल्या. गिरणीत नोकरी केलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखव. चिमणीचं तोंड आणि अंगावरचे पट्टे बघून तो गिरणी सांगेल आणि कॅमेरा कुठल्या बाजूला होता तेही सांगेल. चिमणीतून धूर येत नसला तरी गिरणी बंद पडल्यानंतरचा फोटो, असं ठरवू नकोस. सुट्टीचा दिवस असेल, संप असेल.

सिनेमाच्या पोस्टरवर तर मुळीच विसंबू नकोस. यात मी स्वतः चुकलोय. एका वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी माझ्या आधीच्या फोटोग्राफरनं काढलेला नवी पेठेचा एक फोटो निवडला आणि भिंतीवरचं पोस्टर बघून खाली १९७१ लिहिलं. आठ दिवसांनी एका वाचकाचं कार्ड आलं : ‘उजव्या कोपऱ्यातली पाटी वाचा.’ भिंग लावलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर पत्र्याची हातभर पाटी होती, आणि तिच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ४१३ ००२. सिनेमा दुसऱ्यांदा लागला होता, सकाळच्या खेळाला. चूक छापून गेली होती. ज्यांनी कार्ड पाठवलं त्यांच्या घरी जाऊन आभार मानले. तेव्हापासून फोटो हातात आला की मी चारी कोपरे आधी बघतो आणि मध्यावर शेवटी येतो.

साल नाही कळलं तरी ऋतू कळतो. सावल्या बघ. मागे आकाशपाळणा आणि मोकळं मैदान असेल तर होम मैदानावरची गड्ड्याची यात्रा, म्हणजे जानेवारी. रस्ता रिकामा, सगळी माणसं एकाच बाजूच्या पडवीखाली आणि सावल्या पायाशी आलेल्या, तर मे महिन्याची दुपार. आपल्याकडे त्या उन्हात मधल्या रस्त्यानं कोण चालतंय?

आता अर्थाचं. तू वास्तुकला शिकतेस, म्हणून तुला सरळ सांगतो. तो फोटो पुढाऱ्यासाठी काढला होता. फोटोग्राफरनं त्याच्यावर फोकस धरला, बाकीचं आपोआप आत आलं. दुकानाच्या दाराच्या लाकडी फळ्या, एकेक काढून भिंतीला टेकवलेल्या. दगडी ओटा, त्याला किती पायऱ्या. वरचा सज्जा, त्याचे खांब लाकडाचे की लोखंडाचे. ह्यातलं काहीही कुणी फोटोसाठी मांडलेलं नव्हतं, म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. सुंदर इमारतींचे फोटो ठरवून काढतात, माणसं बाजूला करून. इंद्रभुवनचे तसे भरपूर आहेत. पण त्याच्या पायऱ्यांवर अर्ज घेऊन बसलेली माणसं, कठड्यावर वाळत घातलेलं शिपायाचं धोतर, कमानीत टेकवलेली सायकल, हे मोर्चाच्या फोटोतच सापडतं. अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेला वाडा पुढे गावाची कचेरी कसा झाला, हे ते धोतर जेवढं सांगतं तेवढं दर्शनी कोरीवकाम सांगत नाही.

प्रश्न : माझे वडील बार्शीहून सोलापूरच्या आणि पुण्याच्या पेपरांना फोटो पाठवायचे. फोटोमागे पैसे मिळायचे, पगार नव्हता. २०१९ मध्ये ते गेले. त्यांची निगेटिव्हची पत्र्याची पेटी उघडली तर व्हिनेगरसारखा वास आला. भाऊ म्हणतो, टाकून दे. एकजण सगळी पेटी विकत मागतोय. काय करावं?
— एक वाचक भगिनी, बार्शी

ताई, टाकू नका आणि विकूही नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तुमच्या वडिलांना मी नावानं ओळखत नसेन, पण त्यांचं काम ओळखतो. आमच्याकडे तालुक्याचे फोटो एसटीनं यायचे. बार्शी स्टँडवर कंडक्टरच्या हातात रोल द्यायचा, आम्ही सोलापूर स्टँडवर उभे राहून घ्यायचो. रोल जुन्या डबीत, वर दोरा गुंडाळलेला, आणि सोबत वहीच्या पानावर ओळी : पहिले चार बाजार समिती, पाच ते नऊ भगवंत मंदिर, दहावा अपघात. पैसे वाचावेत म्हणून आम्ही शंभर फुटांचा डबा आणून अंधाऱ्या पिशवीत हात घालून रोल भरायचो, एका डब्यात अठरा व्हायचे. एका बातमीला दोन फ्रेम, तीन म्हणजे चैन. उरलेल्या फ्रेममध्ये माणूस घरी जाताना जे दिसेल ते काढायचा. तुमच्या पेटीत तेच असणार. छोट्या गाडीचं स्टेशन असेल. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांवर होते आणि आता तो मार्ग रुंद झालाय. छोट्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे कुणाला हवे असतील तर ते अशाच पेट्यांत शोधायला लागतील.

वासाचं कारण असं. त्या काळची फिल्म ॲसिटेटची. उष्णतेनं आणि दमटपणानं ती कुजते आणि तिच्यातून व्हिनेगरमधलंच आम्ल बाहेर पडतं. पेटी बंद असली की ते आतच कोंडतं आणि शेजारची चांगली फिल्मही नासवतं. म्हणून आधी सगळं बाहेर, सावलीत, वाऱ्यावर. वास येणारे आणि वाकडे झालेले रोल वेगळे करा आणि स्कॅनिंगला तेच आधी द्या. स्कॅन २४०० डीपीआयच्या खाली घेऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढा, साध्या कागदाची पाकिटं करा, पत्र्याच्या घरात किंवा माळ्यावर ठेवू नका. आपला उन्हाळा चाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि जुन्या पाकिटांवर वडिलांनी काही लिहिलं असेल तर ती पाकिटंही जपा. निगेटिव्हला नंबर असतो, नाव नसतं. वही हरवली तर निम्मा फोटो गेला.

विकण्याचं म्हणाल तर मी जे पाहिलंय ते सांगतो. ज्या दैनिकात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यांनी जागा बदलली तेव्हा निगेटिव्हची कपाटं रिकामी केली. फिल्ममध्ये चांदी असते. ती काढून घेणारे लोक किलोवर भाव देतात. मी रजेवर होतो. परत आलो तर कपाटाच्या फळ्यांवर फक्त सालांच्या चिठ्ठ्या होत्या. १९७२ च्या दुष्काळाचं पाकीट मी स्वतः चाळलेलं होतं. माझ्याआधीच्या फोटोग्राफरचं काम ते. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीसाठी ताटल्या घेऊन बसलेली पोरं, आणि एका फ्रेममध्ये रोजगार हजेरीची वही धरलेला अंगठा, शाईनं काळा झालेला. त्या वर्षाची चांदी किती निघाली असेल? त्याचा मला आजही राग आहे आणि तो जाऊ नये असं वाटतं.

हक्काचं नीट समजून घ्या. वडील पगारी नोकर नव्हते, फोटो स्वतःहून काढून पाठवायचे, म्हणून त्या फोटोंचे पहिले मालक तेच. लेखी करारानं कुणाला हक्क दिले नसतील तर ते आता वारसांचे, म्हणजे तुमचे आणि भावाचे. पगारी फोटोग्राफरचं वेगळं : वर्तमानपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा फोटोग्राफरचा, करारात वेगळं नसेल तर. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २०७९ अखेरपर्यंत. पेटी विकली म्हणून हक्क विकला जात नाही, तो लेखीच द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून कुणालाही द्यायचं ते स्कॅन द्या, ठरलेल्या कामापुरतं, लिहून. आणि पहिली अट पैशाची ठेवू नका, नावाची ठेवा. होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे सुरुवातीचे फोटोसुद्धा पतीच्या नावानं छापून आले होते. तुमच्या वडिलांचं नाव तेव्हा पेपरनं छापलं असेल की नाही, कोण जाणे. आता प्रत्येक फोटोखाली ते यायलाच हवं.

प्रश्न : चाळीस वर्षांची कात्रणं वहीत चिकटवली आहेत. पिवळी पडली. लॅमिनेशन करू का?
— निवृत्त शिक्षक, मंगळवेढा

गुरुजी, करू नका. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा असतो, तो उजेडानं आणि हवेनं पिवळा होणारच. लॅमिनेशननं ते थांबत नाही, उलट कागद पुन्हा कधी सुटा होत नाही. सेलोटेप आणि टाचण्या लावल्या असतील आणि कागद न फाटता निघत असतील तर काढा. वही आडवी, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. प्रत्येक पान ६०० डीपीआयवर स्कॅन करून चांगल्या कागदावर एकेक प्रत काढून ठेवा. छापलेला फोटो ठिपक्यांचा असतो. तो मोठा केला की ठिपकेच मोठे होतात, चेहरा उघडत नाही. पण तुमच्याकडे कात्रणाची तारीख आहे, आणि ती बहुतेक निगेटिव्हवर नसते. तारीख नसलेली निगेटिव्ह आणि तारीख असलेलं कात्रण जुळवून मी कितीतरी फोटो लावलेत. कात्रणाच्या मागच्या बाजूला काय छापलंय तेही स्कॅन करा. अर्धवट जाहिरातीवरूनही दिवस सापडतो.

प्रश्न : मी मोबाइलवर सोलापूरचे फोटो काढतो. सिद्धेश्वर मंदिर, तलाव, किल्ला, नंदीध्वज. लोकांना आवडतात. पण तुमचा घागर मोर्चा बघितल्यापासून वाटतंय की माझ्या फोटोत काहीतरी कमी आहे. काय काढू?
— तरुण वाचक, सात रस्ता

जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा तू मोबाइल घेऊन गेला असशील. हजारो गेले. ती पडतानाचे काही सेकंद शेकडो बाजूंनी टिपले गेलेत. पण ती उभी असताना तिच्या सावलीत बैलगाड्यांची रांग, ऊस खाली करायची वाट बघत चाकाखाली झोपलेला माणूस, चुलीपाशी कडक भाकरी मोडून खाणारं ऊसतोड्याचं कुटुंब, हे किती जणांनी काढलं? मी काढलं होतं तेही एका आंदोलनाच्या निमित्तानं, सहा फ्रेम. त्यातली एकच बरी आहे.

मंदिर काढ, जरूर काढ. पण नंदीध्वजांचा सराव होतो ना, यात्रेच्या आधी? तिथं जा. अजून बाराबंदी अंगावर नाही, पोरं रोजच्या शर्टात काठी तोलतायत, आणि एक म्हातारा हात न लावता नुसत्या नजरेनं शिकवतोय. पाणी येण्याचा दिवस काढ : चार-पाच दिवसांनी नळ येतो तेव्हा गल्लीत पिंपं, पाइप, मोटारी यांची जी धांदल होते ती. ती आपल्याला इतकी सवयीची झालीय की कुणी काढतच नाही. विडी कारखान्याच्या दारात सूप घेऊन उभ्या असलेल्या बायका काढ, पण आधी त्यांच्याशी बोल. एकदा संपाच्या बातमीसाठी मी त्यांचा फोटो काढला आणि पेपरनं त्यातला फक्त नेता कापून छापला. दुसऱ्या दिवशी एक बाई पेपर घेऊन ऑफिसात आली. म्हणाली, ‘भाऊ, मी इथंच उभी होते की.’ तिला मी पूर्ण फ्रेमची प्रत करून दिली. त्या फोटोत तिच्या सुपातल्या विड्यांचे कट्टे मोजता येतात, आणि बाजूला पडलेला छाटाचा ढीगही दिसतो. छाट म्हणजे तपासणाऱ्यानं नापास केलेल्या विड्या, त्यांची मजुरी मिळत नाही. बातमी त्या ढिगाचीच होती आणि छापला चेहरा.

आणि प्रत्येक फोटोला त्याच रात्री नाव दे : कोण, कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून, कुठल्या तारखेला. मोबाइल तारीख ठेवतो, पण फोटो चार जणांना पाठवला की ती गळून पडते. वर्षातून निवडक पन्नास फोटोंचे प्रिंट काढ आणि पाठीवर पेन्सिलीनं लिही. बॉलपेननं नको, ते पुढे उमटतं.

प्रश्न : आमचं घर साखर पेठेत. वडील हातमागावर होते, नंतर जकार्डच्या चादरी विणायचे. त्यांचा एकही फोटो घरात नाही, लग्नातलासुद्धा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला की पेपरवाले आमच्या गल्लीत यायचे, असं आई सांगते. तुमच्याकडे काही असेल का?
— एक वाचक, साखर पेठ

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी रथोत्सवाची पाकिटं काढून बसलो. कपाटं गेली, पण काही रोल माझ्या घरी होते म्हणून वाचले. गल्लीचा तुम्ही जो कोपरा सांगितलाय, म्हणजे कडुनिंब, त्याला लागून विहिरीचा कठडा आणि समोर तीन पायऱ्यांचं घर, तो एका रोलवर आहे. चौदावी फ्रेम. रथ अजून लांब आहे, म्हणून मी कॅमेरा गल्लीकडे वळवलेला दिसतो. दार उघडं आहे. आत माग, वर जकार्डची छिद्रांची पुठ्ठी लोंबतायत आणि मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत एक माणूस. सणाच्या दिवशीही बसलेला. मान वर करून तो बाहेर बघतोय, अंगात बनियन, डाव्या कानावर पेन्सिल.

ते तुमचे वडील आहेत असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या आईच सांगतील. दहा बाय बाराचा प्रिंट काढून ठेवलाय. मासिकाच्या पत्त्यावर निरोप द्या आणि या, पण आईंना सोबत आणा. ओट्यावर दोन बायका कांड्या भरत बसल्यात, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल आहे. त्यांची नावं मला पाकिटावर लिहून घ्यायची आहेत.